सोनपेठ : काळ्या मातीतली चार जनावरे

परळीला वैजनाथाचे दर्शन घेऊन परतणारा यात्रेकरू सोनपेठला सहसा जात नाही. गंगाखेडला जनाबाईच्या गावी येणारा वारकरीही गोदावरीत स्नान करतो आणि आल्या वाटेने माघारी वळतो. परळीहून परभणीकडे जाणारी आगगाडी देखील सोनपेठ गावाला बाजूला टाकूनच धावते. तेव्हा ज्याला सोनपेठ पाहावयाचे असेल त्याने परळीस किंवा गंगाखेडास उतरावे, एस. टी. धरावी, आणि खिडकीजवळची जागा मिळाली तर ती सोडू नये. पाहण्यासारखे जे आहे ते खिडकीबाहेर आहे. ते म्हणजे जमीन.

ही जमीन काळी आहे असे म्हटल्याने तिची ओळख होत नाही. ओल असताना ती पायाला लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला परळी-अंबाजोगाईकडे चढत जाणारी बालाघाटची रांग, आणि मधल्या या मुलखातून वाण नदी गोदेला मिळावयास निघालेली. ज्वारी, कापूस, तूर हे इथले जुने सोयरे. सोयाबीन आणि ऊस हे अलीकडचे पाहुणे, पण आता घरचेच होऊन बसले आहेत. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. आज सोनपेठ हे परभणी जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव आहे. तहसील आहे, नगरपरिषद आहे आणि तालुक्याच्या गावाला शोभेल एवढी वर्दळ आहे.

परंतु खरे सोनपेठ गावात नसून आखाड्यांवर आहे. शेतात बांधलेल्या वस्तीला इकडे आखाडा म्हणतात. पत्र्याचे छप्पर, पुढे गुरांचा गोठा, बाजूला कडब्याची गंज, आणि दिवाळीच्या सुमारास अंगणात सोयाबीनचा ढीग. धान्य आले की उंदीर येतो, आणि उंदीर आला की त्याच्या मागोमाग दुसरे कोणीतरी येते. त्याचे नाव रात्री घेत नाहीत. ‘लांबडं’ म्हणतात, ‘जनावर’ म्हणतात. ते चावले असे तर मुळीच म्हणत नाहीत. ‘पान लागलं’ म्हणतात. मृत्यूची एवढी नाजूक बोली आपल्या भाषेत क्वचितच असेल.

एका आखाड्यावर चहा घेत असता तिथल्या म्हाताऱ्या मामांनी मला या प्राण्याचे अर्थशास्त्र समजावून दिले. “लांबडं हाय म्हणून उंदरं कमी हायती, अन् उंदरं कमी हायती म्हणून जवारी घरात येती. त्याला मारून कसं भागंल?” नागपंचमीला या भागात नांगर धरीत नाहीत, खणत नाहीत, घरात चिरणे-कापणे करीत नाहीत. शहरात आपण याला भाबडेपणा म्हणू. परंतु श्रावणात बिळे पाण्याने भरून सर्प बाहेर पडलेले असतात, तेव्हा एक दिवस तरी शेतात हत्यार घालू नये, यात शहाणपणाही कमी नाही.

महाराष्ट्रात साप पुष्कळ जातींचे, पण बहुतेक बिनविषारी. ज्यांच्या दंशाने माणसे दगावतात ते मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सोनपेठच्या काळ्या रानात पहिल्या तिघांची गाठ पडते. फुरसे हे मुरमाड, खडकाळ माळाचे जनावर, त्याचे राज्य बालाघाटच्या उतारावर. नाग फणा काढतो, म्हणजे निदान बजावतो तरी. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, पण कापसाच्या वेचणीत बायका गप्पांत असल्या तर तेही ऐकू येत नाही. सर्वांत वाईट मण्यार. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि असे चावते की पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना वाटते की रात्रीचे जेवण बाधले.

या चौघांच्या विषाची कथा आपण शाळेत दोन ओळींत शिकलो : नाग आणि मण्यार मज्जातंतूंवर घाव घालतात, घोणस आणि फुरसे रक्तावर. ते खरेच आहे. नागाचे विष मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचू देत नाही, मण्यारीचे विष तो निरोप निघण्याच्या जागीच नासवते. परिणाम एकच : छाती हलेनाशी होते. घोणसीचे विष रक्त गोठविणाऱ्या द्रव्यांना एकाच वेळी इतके चेतविते की ती संपून जातात, आणि मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते, मूत्रपिंडे बंद पडतात.

पण या दोन ओळींच्या मागे एक तिसरी ओळ आहे, आणि ती अलीकडच्या संशोधकांनी लिहिली आहे. आपल्या रक्तात आणि कातडीखाली शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी असतात. गावाला पूर्वी जागल्या असे. रात्री हाळी देत फिरे. तसे हे शरीराचे जागले. विष अंगात शिरते तेव्हा पहिली गाठ त्यांच्याशी पडते. मग ते काय करतात? आणि विष त्यांचे काय करते? या प्रश्नाचे उत्तर ऐकले म्हणजे सूज का येते, बोटे का झडतात आणि दोरी का बांधू नये, हे सारे उलगडते.

कातडीखाली ‘मास्ट’ नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात बारीक दाण्यांची पोतडीच असते. मधमाशी चावली की ज्या गांधी उठतात, त्या यांच्याच कृपेने. २००६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की याच पेशींच्या दाण्यांत विषाचे तुकडे पाडणारे एक विकर असते. ज्या उंदरांत या पेशी नव्हत्या ते विषाला लवकर बळी पडले. म्हणजे ज्या पेशींना आपण केवळ खाज सुटविणाऱ्या म्हणून बोल लावीत होतो, त्या खरे तर पहिल्या फळीच्या शिपाई ठरल्या.

परंतु साप हा काही कालचा गडी नव्हे. त्याच्या विषात ‘फॉस्फोलायपेज’ नावाची विकरे असतात. पेशीभोवतीची जी स्निग्ध भिंत, तिचीच वीट ती काढतात. त्या विटेतून जी द्रव्ये निघतात ती दाह वाढवितात. मास्ट पेशी फुटतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, पाणी पाझरू लागते आणि हात तासाभरात खांबासारखा होतो. घोणस-फुरशांच्या विषात आणखी एक वर्ग आहे, तो धातूच्या कणाच्या जोरावर प्रथिने कापतो. रक्तवाहिनीला बाहेरून आवळून धरणारे अस्तर तो कातरतो. इकडे मेलेल्या पेशींचा मलबा पाहून भक्षक पेशी आणखी आरोळ्या ठोकतात, नवे शिपाई बोलावितात, आणि मदतीपेक्षा गर्दीच जास्त होते.

नागाची तऱ्हा वेगळी. आपल्या रक्तद्रवात काही प्रथिने एका साखळीसारखी उभी असतात. जंतू दिसला की पहिले दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटी जंतूला भोक पडते. यांना पूरक प्रथिने म्हणतात. नागाच्या विषात या साखळीतल्या एका मुख्य प्रथिनाचा जुळा भाऊ शोभेल असा तोतया असतो. तो साखळी सुरू करतो, पण थांबविण्याचा इशारा मात्र मानीत नाही. परिणामी सारा दारूगोळा शत्रू नसतानाच उडून जातो. विष मिसळल्यावर रक्तद्रवाची जंतू मारण्याची शक्ती नाहीशी होते, हे फ्लेक्सनर आणि नोगुची या दोघांनी १९०३ च्या सुमारासच नोंदविले होते. गंमत अशी की हाच तोतया पुढे प्रयोगशाळांच्या कामी आला. पूरक प्रथिनांवाचून प्राण्याचे काय होते हे पाहावयाचे तर नागाच्या विषातून तो वेगळा काढून टोचतात.

आणि आता फुरशाची हकिकत. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत सर्वांत जास्त संख्या ‘न्यूट्रोफिल’ पेशींची. जंतूंशी लढताना या पेशी एक अजब गोष्ट करतात : स्वतःचे केंद्रक उसवून त्यातल्या धाग्यांचे जाळे बाहेर फेकतात. त्यात जंतू अडकतो. २०१६ साली म्हैसूर विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की फुरशाच्या विषासमोरही या पेशी हेच जाळे टाकतात. विष त्यात अडकते, हे खरे. पण जाळ्याने लहान रक्तवाहिन्याही बुजतात. विष एकाच जागी साचून राहते आणि तिथले मांस सडू लागते. हे धागे कापणारे विकर वेळेवर टोचले तर उंदराची शेपटी वाचली. कोळ्याने जाळे टाकावे आणि त्यात स्वतःचाच पाय गुरफटावा, असा हा प्रकार.

आता दोरीचे सांगतो. दंशाच्या वर करकचून दोरी बांधण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण ज्या जागी विषाने आणि आपल्याच पेशींनी मिळून रणधुमाळी माजविली आहे, तिथलाच रक्तपुरवठा आपण दोरीने तोडतो. मांस दुपटीने मरते. दोरी सोडताच साचलेले विष एकदम अंगात भिनते ते वेगळेच. ब्लेडने चिरा पाडणे तर त्याहून वाईट. ज्याचे रक्त गोठण्याचे बंद होणार आहे त्याला आपण हाताने जखम करून ठेवतो.

मामांच्या सूनबाईंना मागल्या वेचणीत घोणस लागली, उजव्या हाताला. सासूबाईंचा आग्रह मारुतीच्या देवळात नेण्याचा. तिथे कडुनिंबाचा पाला चावावयास देतात. कडू लागला नाही तर विष चढले असे समजतात. पण घरात दहावीला असलेला नातू होता. त्याने शाळेत ऐकलेले बजावून सांगितले : हात बांधू नका, आईला चालवू नका. ओढणीने हात लाकडाच्या पट्टीला सैल बांधला, मोटारसायकलवर मधे बसवून तिला तालुक्याला आणले. तिथल्या डॉक्टरांनी थोडे रक्त काचेच्या कोऱ्या नळीत घेऊन वीस मिनिटे उभे ठेवले. नळी तिरपी केली तो रक्त पाण्यासारखे वाहिले. एवढ्या परीक्षेला ना यंत्र लागते ना वीज; फक्त नळी काचेची, स्वच्छ आणि कोरडी हवी. लगेच प्रतिविषाच्या दहा कुप्या शिरेतून सोडल्या आणि रुग्णवाहिकेने पुढे अंबाजोगाईस धाडले. तिथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे सरकारी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. बाई आठव्या दिवशी घरी आल्या. दोन बोटे मात्र अजून वळत नाहीत. “डाव्या हातानं येचते,” त्या स्वतःच म्हणाल्या, “किलो कमी भरत्यात, पर भरत्यात.”

ही दोन बोटे प्रतिविषाने का वाचली नाहीत? कारण प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते. पेशींनी आधीच मांडलेला गोंधळ त्याला आवरता येत नाही. म्हणून एकेक तास मोलाचा.

मग आपले शरीर स्वतःच प्रतिविष का बनवीत नाही? बनविते की! पण विषाची नेमकी ओळख पटवून त्याला बांधून टाकणारी प्रतिद्रव्ये तयार करावयास रक्तातल्या पेशींना आठवडा-दहा दिवस लागतात, आणि घोणस तेवढी सवड देत नाही. तेव्हा ज्याने ही विद्या आधीच शिकून ठेवली आहे अशा कोणाकडून तरी ती उसनी घ्यावी लागते. तो उपकारकर्ता म्हणजे घोडा. त्याला विषाची अगदी अल्प मात्रा टोचतात, ती हळूहळू वाढवीत नेतात. काही महिन्यांत त्याचे रक्त प्रतिद्रव्यांनी समृद्ध होते. मग रक्त काढून त्यातला द्रव भाग घेतात, तो शुद्ध करतात, वाळवितात आणि कुपीत भरतात. सोनपेठच्या बाईच्या शिरेत जी धावली ती एका अनोळखी घोड्याच्या पेशींची मेहनत होती.

या विद्येत मुंबईच्या परळचा वाटा मोठा आहे. प्लेगच्या दिवसांत हाफकिनसाहेबांनी १८९७ च्या जानेवारीत आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. त्या आधीच्या वर्षांत फ्रान्सचे काल्मेत यांनी नागाच्या विषावर सिद्ध केलेले प्रतिविष सर्व सापांवर चालते असा समज पसरला होता. परळच्या प्रयोगशाळेत कॅप्टन जॉर्ज लॅम यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखविले की नागाचे प्रतिविष घोणसीला लागू पडत नाही. कुलूप तशी किल्ली. आज आपल्या देशात जी कुपी मिळते ती चारही सापांची किल्ली एकत्र बांधलेला जुडगाच आहे. कोणता साप चावला हे नेमके न कळले तरी ती देता येते. हाफकिन महामंडळाचे घोडे पिंपरीला आहेत, आणि जुन्नरजवळ नारायणगाव येथेही प्रतिविष तयार होते.

पण जुडग्याचीही मर्यादा आहे. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष तामिळनाडूतल्या इरुला जमातीच्या सहकारी संस्थेतून येते. एकाच जातीच्या सापाचे विष मुलखामुलखात बदलते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अलीकडे दाखवून दिले. तिकडच्या घोणसीवर घडविलेली किल्ली इकडच्या कुलपाला कधी थोडी घट्ट बसते. म्हणून प्रांतोप्रांतीचे विष वापरून प्रतिविष करावे, अशी मागणी आता होत आहे.

दुसरी अडचण जागल्यांचीच. घोड्याची प्रथिने रक्तात आली की आपल्या पेशी त्यांनाही परके समजून अंगावर धावून जाऊ शकतात. अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, क्वचित रक्तदाब एकदम खाली येतो. अशा वेळी ॲड्रिनॅलिनची एक सुई मांडीत दिली म्हणजे बहुधा निभावते. याच धास्तीने लहान गावातले काही डॉक्टर कुपी फोडण्याआधीच रुग्णाला पुढे धाडतात, आणि वाटेत मोलाचे तास जातात. वास्तविक औषध जवळ ठेवून पहिल्या कुप्या जागेवरच द्याव्यात, हेच शास्त्र. आणखी एक गोष्ट आयांनी ध्यानात ठेवण्यासारखी : मुलाला प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाएवढीच लागते. सापाने विष ओतताना वय विचारलेले नसते.

आणि मांत्रिकाचे काय? त्याचे यश खोटे नाही, पण ते त्याचे नाही. पुष्कळ दंश बिनविषारी सापाचे असतात. विषारी सापही कधी कधी चावतो पण विष ओतीत नाही. असे रोगी देवळाच्या पायरीवर बरे होतात आणि गावभर सांगतात. जे जात्या जिवाचे, त्यांना सांगता येत नाही.

या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे दरसाल सरासरी ५८,००० असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक खेड्यांतली, शेतावर राबणारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत बसविले. भारत सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले. एका माणसाच्या चिकाटीने असे आकडे खाली येतात, याचे उदाहरण मराठवाड्यानेच दिले आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला गेले आणि कोकणात माणसे मारणाऱ्या लाल विंचवाच्या दंशावर त्यांनी साध्या, स्वस्त गोळीचा उपाय रूढ केला. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

दिवाळीच्या सुमारास सोनपेठच्या रस्त्यांवर एक दृश्य दिसते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे संसार ट्रॅक्टरवर चढत असतात : भांडी, सरपण, कोंबड्या, शेळी, आणि वर बसलेली पोरे. पुढले चार-पाच महिने यांचे घर म्हणजे फडाजवळची कोपी आणि अंथरूण म्हणजे जमीन. मण्यारीला याहून सोपे घर मिळणार नाही. एका कुटुंबाने मात्र सामानाच्या अगदी वर एक बाज उलटी बांधली होती, चारही पाय आभाळाकडे, आणि तिच्यात मच्छरदाणीची निळी गुंडाळी. “एवढं ओझं कशाला?” म्हणून शेजारच्याने हसून विचारले. ट्रॅक्टरवरच्या बाई उत्तरल्या, “लेकरं वर निजतील. आमी खाली निजू, जागं राहू.”

जमिनीपासून वीतभर वर चढविलेली सुतळीची विणकाम आणि गादीखाली खोचलेली जाळी : मण्यारीविरुद्ध यासारखे औषध नाही, आणि ते देण्यास डॉक्टरही लागत नाही. हातात बॅटरी, पायात बूट, गंजीत हात घालण्यापूर्वी काठीने एकदा ठोकणे, आणि तरीही पान लागलेच तर हात-पाय न हलविता, न बांधता, न चिरता, १०८ क्रमांकाला हाक मारून दवाखान्याची वाट धरणे, एवढ्यावर पुष्कळ जीव राहतात. आपल्या गावाकडे काका-मामा असतील, वेचणीच्या बाया असतील, सालगडी असतील. या दिवाळीला फराळाच्या डब्याबरोबर त्यांच्यासाठी एक चांगली बॅटरी आणि एक मच्छरदाणी न्यावी. फटाक्यांहून त्या स्वस्त पडतात.

संध्याकाळी परतीच्या एस. टी.तून पाहिले तेव्हा दूरदूरच्या आखाड्यांवर दिवे लागले होते. काळ्या रानात ते एकेकटे दिसत होते, पण मोजू गेलो तर मोजता येईनात.